पेशंटनं पडून राहावं

माणसाचा गुडघा किती वाकतो ही त्याची खाजगी बाब आहे, असं माझं आजही मत आहे. पण आमच्या जोयडा तालुक्यात माझ्या उजव्या गुडघ्यावर गेले काही महिने जितकी चर्चा झाली, तितकी पंचायतीच्या निवडणुकीवरही झाली नसेल. व्हॉलीबॉल खेळताना लिगामेंट तुटलं, बेळगावात ऑपरेशन झालं, इथं खरं तर विषय संपायला हवा होता. या वयात व्हॉलीबॉल कशाला, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी तो मनातच ठेवावा. बस स्टँडपासून तालुका कचेरीपर्यंत सगळ्यांनी तो मला विचारून झालेला आहे आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. मॅच आम्ही जिंकलो.

मी इथल्या शेतकरी सोसायटीचा सेक्रेटरी. खत, बी-बियाणं आणि कर्जाचे हप्ते या निमित्तानं तालुक्यातला प्रत्येक माणूस मला ओळखतो. याचा मला इतकी वर्षं अभिमान होता.

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी मला सोनियाच्या ताब्यात दिलं. सोनिया म्हणजे तिथली फिजिओथेरपिस्ट. वयानं माझ्या पुतणीएवढी, आवाज मात्र कवायतीच्या मास्तरांचा.

"अंकल, पडून राहायचं न्हाई," ती म्हणाली. "टाच मागं ओढायची, गुडघा वाकवायचा, रोज चालायचं. आधी वॉकर, मग काठी, मग हात मोकळे. आळस केलासा तर गुडघा आखडतो. आखडला की परत भूल देऊन वाकवायला लागतोय."

भूल म्हटल्यावर मी सावध झालो. पहिल्या भुलीच्या गुंगीत मी आमच्या चेअरमनसाहेबांबद्दल काहीतरी बोललो होतो म्हणे. काय बोललो ते माझी बायको सुनयना अजूनही सांगत नाही, आणि ऑपरेशन थिएटरमधला वॉर्डबॉय नेमका चेअरमनसाहेबांच्या साडूच्या गावचा निघाला होता. तेव्हा काय वाटेल ते झालं तरी दुसरी भूल घ्यायची नाही, गुडघा स्वतःच्या हिमतीवर वाकवायचा, असं मी गाडीतच ठरवलं.

पण आमच्या भागात आजारी माणसाला बघायला जायचं एक शास्त्र आहे. केळ्याची फणी किंवा बिस्किटाचा पुडा घ्यायचा. उशाशी बसायचं. याच दुखण्यानं कोण कोण गेलं ते सावकाश सांगायचं. आणि परतीची बस येईपर्यंत हलायचं नाही, कारण हलून जाणार कुठं? या शास्त्रात पेशंटकडूनही एक अपेक्षा असते. त्यानं पडून राहावं. माणसं जंगलातल्या वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत चालत येतात, जीपची वाट बघतात, दिवसाची मजुरी बुडवतात, आणि इथं पेशंटनंच दार उघडलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

हे मला माहीत होतं. पण मी सोनियाचा शब्द मानायचं ठरवलं होतं. त्यामुळे सुनयनाचा भाऊ गोपाळ कॅसलरॉकहून बायकोला घेऊन आला, तेव्हा मी अंगणात खिडकीचे गज धरून अर्धा खाली बसत होतो आणि वर उठत होतो.

गोपाळ फाटकातच थांबला. हातात केळी होती.

"दाजी, बरं हाय की तुमचं," तो म्हणाला.

"व्यायाम चाललाय. या, बसा की."

"न्हाई, चालू दे तुमचं. आम्ही उगाच दुकान बंद करून आलो."

केळी त्यानं पायरीवर ठेवली आणि चहा उभ्यानं घेतला. आमच्याकडे पाहुण्यानं चहा उभ्यानं घेतला की समजायचं, हे प्रकरण आता लग्नामुंजीपर्यंत जाणार. त्याची बायको मनीषा तेवढी म्हणाली, "पाय चांगला दिसतोय," आणि तेही तिनं आरोप केल्यासारखं म्हटलं. त्या दिवसानंतर गोपाळनं बहिणीला फोन करायचं बंद केलं.

सुनयना दोन दिवस माझ्याशी भांड्यांच्या आवाजातून बोलत होती. मग तोंडानं बोलली.

"माझा भाऊ दुकान बंद ठेवून आला आणि तुम्ही उठाबशा काढत होता."

"त्या उठाबशा न्हाईत. हाफ स्क्वॉट म्हणतात त्याला."

"काय म्हणतात ते माझ्या माहेरी कोण विचारत न्हाई. माणसं आली की तुम्ही कॉटवर. ती गेली की काय काढायचं ते काढा."

हा तोडगा वरवर बघता योग्य होता. त्यात एकच खोट होती. माणसं जात नव्हती. सकाळच्या बसनं आलेली दुपारच्या बसनं जायची, आणि दुपारच्या बसमधून नवीन उतरायची. शेजारचे शिवानंद रिटायर्ड कंडक्टर. त्यांनी आपणहून पहाऱ्याचं काम घेतलं. त्यांची शिट्टी अजून त्यांच्याकडे होती. पाहुणे वळणावर दिसले की ते एक शिट्टी मारायचे आणि मी कॉटवर. पाहुणे गेले की दोन शिट्ट्या आणि मी खाली. पहिल्या आठवड्यात दोन शिट्ट्या फारशा ऐकू आल्या नाहीत.

"काय करायचं सर," शिवानंद कुंपणावरून कानडी वळणानं म्हणायचे. "बस फुल्ल आहे. स्वल्प अडजस्ट करा."

सल्ल्यांचं काय सांगू. कुणी हाडजोडीचा पाला बांधायला सांगितला, कुणी खेकड्याचं सार. एका गृहस्थांनी ऑपरेशनच करायला नको होतं असं सांगितलं. मी टाके उसवून ते परत बेळगावला नेऊन द्यावेत, अशी त्यांची इच्छा असावी. मी चादरीखाली पडून सगळ्यांना हो म्हणत होतो आणि गुडघा दिवसेंदिवस लाकूड होत होता.

मग मला युक्ती सुचली. टाच मागं ओढायचा व्यायाम चादरीखाली करायला काय हरकत आहे? वर पेशंट, खाली व्यायाम. दोन्ही शास्त्रं सांभाळली जातील.

त्या दिवशी नागू आणि त्याची बायको गिरजा आली होती. कुणबी माणसं, पार आतल्या वाडीवरची, सोसायटीचे जुने सभासद. पिशवीभर मुडली आणली होती. मुडली म्हणजे आमच्याकडचा अळकुडीसारखा कंद, आणि तो मला फार आवडतो हे नागूला माहीत आहे. तो शांतपणे डुकरांनी भाताची कशी नासाडी केली ते सांगत होता. मी हं हं करत टाच ओढली. चादर वर गेली. सोडली. चादर खाली आली.

"अगो बाये," गिरजा उठून उभी राहिली. "शेक्रेटरीचा पाय उडतोय."

"न्हाई, मी आपलं..."

"बोलू नका तुम्ही. नागू, धर तू. गुडघ्यावर धर."

नागूचे हात आयुष्यभर नांगर धरलेले. त्यानं माझा पाय कॉटवर जो सरळ दाबून धरला, तो बस येईपर्यंत सोडला नाही. मधे दमला तेव्हा गिरजानं धरला. मी व्यायाम म्हणून सांगितलं, सोनिया म्हणून सांगितलं, तेव्हा गिरजा नागूला हळूच म्हणाली, "कुणा बाईचं नाव घेतोय. डोक्यात गेलंय." सुनयना दारात उभी होती. तिला सगळं समजत होतं आणि ती पदरात तोंड लपवून आत गेली. हसायला गेली की रडायला, हे मी अजून विचारलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत तालुक्यात बातमी पसरली की सेक्रेटरींना फिट येतात. साहजिकच, गुडघ्याला बघून गेलेले लोक फिट बघायला परत आले. रामनगरची माझी कमलमावशी पिशवी खाली ठेवायच्या आधीच माझ्या नाकाला चप्पल लावून उभी राहिली. फिट आलेल्या माणसाला चप्पल हुंगवतात, हे खरं आहे. पण मी त्या वेळी पेपर वाचत होतो.

"मावशी, मला काही झालेलं न्हाई."

"व्हय बाळा, व्हय," मावशी म्हणाली आणि चप्पल आणखी जवळ आणली.

मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. माझ्या सहीशिवाय या तालुक्यात युरियाचं पोतं हलत नाही. आणि मी रामनगरच्या लाल मातीत चालून आलेली चप्पल हुंगत होतो.

तपासणीला बेळगावला गेलो. डॉक्टरांनी गुडघा मोजायची पट्टी लावली, बघितली आणि काही न बोलता ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

"दिवाळी झाली की या," शेवटी ते म्हणाले. "तोपर्यंत वाकला तर ठीक. नाही वाकला तर भूल देऊन मीच वाकवतो."

सोनिया मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. "अंकल, काय केलासा हे?"

"लोक बघायला येतात."

"येऊ देत की. त्यांच्यासमोर करा."

"त्यांना वाईट वाटतं."

तिला ते पटलं नाही. तिचं बेळगावातलं घर फ्लॅटमध्ये असणार. मी तिला कॅसलरॉक, उभ्यानं घेतलेला चहा वगैरे समजावायच्या भानगडीत पडलो नाही. पण परतताना बसमध्ये मला खरोखर राग आला. लोकांचा, शास्त्राचा, चपलेचा, आणि सगळ्यात जास्त कॉटवर गुमान पडून राहणाऱ्या माझाच. उद्यापासून चालायचं. कोण अडवतो बघू.

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन निघालो. सुदेशनं अडवलं. सुदेशची जीप आमच्या वळणापासून बाजारापर्यंत फेऱ्या मारते. त्यानं करकचून ब्रेक लावला.

"शेक्रेटरी, बसा."

"मला चालायचंय."

"आमची लाज काढता काय? तुम्ही लंगडत चाललाय आणि सुदेश रिकामी जीप घेऊन पुढं गेला, असं लोक म्हणतील. परत माझ्या गाडीत कोण बसणार?"

आतल्या दोघांनी मला बखोटीला धरून वर घेतलं. बाजारात उतरून मी उलट चालायला लागलो, तर मागून दुसरी जीप आली. तो सुदेशचा चुलतभाऊ होता. तो सबंध आठवडा मी चालायला म्हणून बाहेर पडलो आणि तालुक्यातल्या सगळ्या जीपमध्ये बसून घरी आलो.

जीप नाहीत असा सपाट रस्ता एकच. जंगल खात्याच्या गेटच्या आतला. तिथल्या गार्डनं अडवलं. चालत आत जायला परवानगी नाही, गाडी असली तर जा म्हणाला. गाडीत बसून व्यायाम कसा करू, असं मी विचारलं. ते मला म्हाईत न्हाई, आत अस्वल हाय, असं तो म्हणाला. मी माघार घेणारा माणूस नाही. कचेरीत गेलो, रीतसर कन्नडमध्ये अर्ज केला. चालण्याचं कारण या रकान्यात 'गुडघा' लिहिलं. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज दोनदा वाचला. माणूस सज्जन होता, त्यानं मला खुर्चीही दिली.

"अस्वल मागं लागलं तर पळता येतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग परवानगी कशी देऊ?"

"आणि पळता येत असतं तर?"

"मग व्यायाम कशाला पाहिजे होता?"

मी अनेक ऑडिटर बघितले आहेत. असा पेच मला एकानंही घातलेला नाही. मी नमस्कार करून उठलो, आणि बाहेर सुदेश जीप घेऊन उभाच होता.

घरी कमलमावशी परत आली होती. या वेळी चप्पल पायातच होती. जाताना ती नेहमीचं बोलली, जे आमच्याकडे प्रत्येक पाहुणा बोलतो. "आमी येऊन गेलो. आता बरं वाटलं की तू आमच्याकडं येऊन जायचं बघ."

ती गेली आणि मी कॉटवर ताडकन उठून बसलो. शिवानंदनी दोन शिट्ट्या मारायच्या आधीच.

शास्त्राची दुसरी बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती. बघून गेलेल्या प्रत्येक घरी पेशंटनं जाऊन यायचं असतं. ही परतभेट चुकवून चालत नाही. आणि आमच्या तालुक्यात घरं रस्त्यावर नसतात. बांधावरून, ओढ्यातून, चढ चढून जावं लागतं. तिथं सुदेशची जीप जात नाही. आणि दारात आलेल्या पाहुण्याला पडून राहा म्हणायची कुणाची छाती नाही. मी सोनियाला फोन केला. चढ चालेल का, पायऱ्या चालतील का? "सावकाश चढा, काठी घ्या, पाय मुरगळू देऊ नका," ती म्हणाली. "आणि एका जागी बसून राहू नका."

"इतक्यात कुठं परतभेट?" सुनयना म्हणाली.

"शास्त्र तुमच्याच माणसांचं हाय," मी म्हटलं आणि पिशवीत बिस्किटाचे पुडे भरायला लागलो. त्यातले बरेचसे त्याच लोकांनी आणलेले होते.

मग मी कुणालाही सोडलं नाही. रोज एक घर. उशाशी बसायला तिथं पेशंट नव्हता, म्हणून मी ओसरी ते परसू फेऱ्या मारत त्यांच्याच आजीचं, त्यांच्याच दुखण्याचं सावकाश विचारायचो. परतीची बस येईपर्यंत हलायचो नाही. ज्या गृहस्थांनी ऑपरेशनच नको होतं असं सांगितलं होतं, त्यांच्याकडे मी दोनदा गेलो.

नागूच्या वाडीला जाताना मात्र माझी खरी परीक्षा झाली. रस्ता सोडल्यावर भाताचे बांध, पुढं चढ. भात कापणीला आलेलं होतं. नागूनं मला लांबून बघितलं आणि कोयता टाकून धावत आला. सरळ उचलायलाच लागला.

"उचलायचं न्हाई, नागू."

"पाय मोडला तर आमच्या वाडीचं नाव जाईल."

"जाऊ दे. मी चालणार."

तो वाद घालत बसला नाही. पण दारापर्यंत दोन्ही हात पसरून माझ्या मागून चालत आला. चढावर गुडघा इतका दुखला की डोळ्यांत पाणी आलं. मी थांबलो, पण बसलो नाही. घराच्या पायरीवर पोचलो तेव्हा मला फार आनंद झाला. गिरजा दारातच होती. "पाय उडत न्हाई आता?" तिनं विचारलं. "न्हाई," मी म्हटलं. "मग बसा." तिनं गरम मुडली पुढं ठेवली आणि मी तिच्याकडचं सगळं टोपलं संपवलं.

शेवटी एक घर राहिलं. कॅसलरॉक. तिथं मी गेलो असतो की नाही, सांगता येत नाही. पण मनीषाचा फोन आला. दुकानातलं पोतं उचलताना गोपाळची कंबर धरली होती, आणि तो अंथरुणावर होता. सुनयनानं ऐकलं आणि पिशवी भरली. मी पण निघालो. गोपाळला काय म्हणायचं ते माझं वाटेतच ठरलं. उशाशी जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "बरं हाय की तुमचं." चहासुद्धा उभ्यानंच.

स्टेशनच्या वरच्या अंगाला गोपाळचं घर. पायऱ्या उंच. मी चढलो. सुनयना मागून येत होती.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. लोंढा स्टेशनहून रेल्वेच्या गाडीनं आलेले पाहुणे, शेजारचे, दुकानाची गिऱ्हाइकं. मधोमध जमिनीवर अंथरूण, त्यावर गोपाळ. कुणीतरी सांगत होतं, "आमच्या मेव्हण्याची अशीच कंबर धरली. मग तो उठलाच न्हाई." मनीषा चहा वाटत होती, डोळे सुजलेले.

गोपाळनं मला बघितलं. मी वाक्य जुळवून तयार होतो. तेवढ्यात त्यानं बोटानं जवळ बोलावलं. माणसांमधून वाट काढत मी गेलो. त्याचा आवाज इतका बारीक होता की मला वाकून, मग खाली बसून कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

"दाजी," तो म्हणाला, "डॉक्टरनं चालायला सांगितलंय. पडून राहिलास तर आखडशील म्हणाला. पण ही माणसं बघा. कालपासनं हायत. उठलो तर काय म्हणतील? माझी कंबर कामातनं चाललीय दाजी."

दुकान बंद करून आलेला, चहा उभ्यानं घेणारा माझा मेहुणा. मी कॉटवर पडलेला असताना माझ्या डोळ्यांत जे होतं, ते सगळं त्याच्या डोळ्यांत होतं. मला त्याची इतकी कीव आली की जुळवून आणलेलं वाक्य मला परत आठवलंच नाही.

"ऊठ," मी म्हटलं.

"राग येईल सगळ्यांना."

"माझ्यावर येऊ दे. मला सवय हाय."

"अहो," सुनयनाचा आवाज आला. "तुम्ही उकिडवे बसलाय."

सगळी खोली माझ्या गुडघ्याकडे बघायला लागली. मीही बघितलं. गुडघा पुरता दुमडला होता, टाच मांडीखाली. कधी दुमडला ते मला कळलंच नव्हतं. बेळगावची तारीख जवळ आली होती, पण आता मला कुणी भूल द्यायची गरज नव्हती, हे पट्टी न लावताही समजत होतं. सुनयनानं पदरानं डोळे पुसले. मग तिनं भावाकडे बघितलं, वळली, दारातल्या चपलांच्या ढिगातून गोपाळच्या चपला शोधून काढल्या आणि त्याच्या अंथरुणाशी आणून ठेवल्या.

"घाल. आणि चल."

"अगं सुनू," एक म्हातारे काका म्हणाले, "माणसं बघायला आलीत त्याला."

"व्हय ना काका. मग चालताना बघा."

मी भिंतीला धरून उठलो आणि गोपाळला हात दिला. तो एकदा कळवळला, मग उभा राहिला. पायऱ्या आम्ही तिघं एकमेकांना धरून उतरलो आणि रुळांच्या कडेनं सावकाश चालत राहिलो. गोपाळ बहिणीशी बोलत होता. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, ते संपेना.

परत आलो तेव्हा अंथरूण रिकामंच होतं. पाहुणे त्याच्याभोवती तसेच बसले होते आणि मनीषा पुन्हा चहा वाटत होती. गाडीला अजून वेळ होता.